चौदा गोण्या मिरचीच्या

अतिकाने स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी काढली आणि हात तसाच राहिला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर, गल्लीच्या कचऱ्याच्या ढिगाला टेकून, कुणीतरी गोण्या आणून टाकल्या होत्या. चौदा. एक फुटली होती आणि तिच्यातून काळपट लाल असं काहीतरी बाहेर लोंबत होतं. वारा पडलेला होता, तरी नाकात बारीक झोंबलं.

मिरची.

परवाच्या अवकाळी पावसात पथारींवरची मिरची भिजल्याचं तिने ऐकलं होतं. नंदुरबारच्या वेशीबाहेर मोकळ्या जमिनीवर मिरची वाळत घालतात, तीच पथारी. भिजलेली मिरची काळी पडते, बुरशी धरते, मग तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. कुणा व्यापाऱ्याने ती देठांसकट गोण्यांत भरून, लोक झोपेत असताना इथे टाकून दिली होती. आधीच कचरा पडलेली जागा दिसली की कुणालाही वाटतं, आपण टाकलं तर काय बिघडलं!

एरवी अतिकाने चार शिव्या मनातल्या मनात घालून खिडकी लावून घेतली असती. पण या ढिगाची एक रीत होती. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानच्या आगेमागे तो पेटायचा. रोज. कोण पेटवतं विचारलं तर सगळी गल्ली आभाळाकडे बघायची. "लागत असेल आपोआप," म्हणे.

आज तो ढीग पेटला, तर मिरची पेटणार होती.

तिने वळून पाहिलं. अडीच वर्षांची आफशीन फरशीवर बसून वाटीवर चमचा आपटत होती. अतिकाची नजर आधी तिच्या गळ्याखालच्या खळीवर गेली. खळी आत ओढली जात नव्हती. म्हणजे बरं होतं. दिवाळीच्या सुमारास याच ढिगाच्या धुराने पोरीला अशी धाप लागली की ओठ जांभळे पडले. शहजादने आपली धडगावच्या फेऱ्यांची जीप चिंचपाड्याच्या दवाखान्यापर्यंत अशी पळवली की वाटेतले गतिरोधक अतिकाला अजून आठवत होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोर वाचवली आणि जाताना बजावलं, "हिला धुरापासून जपा. बाकी औषधं आहेतच, पण धूर नको." तेव्हापासून अतिकाचं आयुष्य म्हणजे ही खिडकी झाली होती.

"अम्मी, इकडे या जरा."

अख्तरबानो, तिची सासू, पदराला हात पुसत आली. पथारीवर वीस वर्षं मिरच्यांचे देठ खुडण्यात गेल्यामुळे तिची बोली निम्मी उर्दू, निम्मी अहिराणी झाली होती. तिने खिडकीतून पाहिलं आणि जीभ चावली.

"या अल्लाह. भिजेल माल शे हा. पेटना तर बेटा, आख्खा मोहल्ला खोकत पळी."

"मोहल्ला पळेल अम्मी, आफशीन कुठे पळेल?"

अख्तरबानोने पोरीला उचलून कडेवर घेतलं, जणू धूर आताच दारात आला होता.

अतिकाने शहजादला फोन लावला. तो पहाटेच धडगावला गेला होता. घाटात रेंज नसते. मग तिने वॉर्डाच्या ऑफिसात फोन केला. तिथले साहेब सौजन्याने म्हणाले की प्लॉट खाजगी आहे, माल व्यापारी आहे आणि आज शनिवार आहे. या तिन्हींपैकी कशावर अपील करावं ते तिला कळलं नाही.

नऊला कोपऱ्यावर घंटागाडी आली. गल्लीत कचरा साठायचा तो या नऊमुळेच. गल्लीतल्या निम्म्या बायका सातला पथारीवर जायच्या. घंटा वाजायची तेव्हा घरांना कुलपं. मग कचऱ्याची बादली जाता जाता प्लॉटवर रिकामी व्हायची. अतिका दुपट्ट्याने डोकं झाकून धावत कोपऱ्यावर गेली. ड्रायव्हर गोकुळ खिडकीतून पुडी थुंकत होता.

"गोकुळभाऊ, मागे मिरचीच्या गोण्या पडल्यात. तेवढ्या उचला ना."

"मिरची? भाभी, ओला कचरा सांगा, सुका सांगा, मेलेलं कुत्रं सांगा, उचलतो. मिरची गाडीत टाकली ना, तर दुपारपर्यंत मीच ओला आणि सुका दोन्ही होईन."

मागे उभ्या दोघीतिघी हसल्या. अतिकाला हसू आलं नाही. गाडी घंटा वाजवत पुढे गेली.

म्हणजे आपणच काहीतरी करायला हवं. तिने हिशेब मांडला: गोण्या ढिगापासून तीस-चाळीस पावलं लांब, नाल्याच्या काठाला ओढल्या, की ढीग पेटला तरी मिरची पेटणार नाही. गोणी ओलसर, जड, पण ओढता येईल. ती मागच्या दाराने प्लॉटवर गेली, दुपट्टा नाकाला गुंडाळला आणि पहिली गोणी कानांना धरून ओढली. दुसरीही ओढली. तिसरी शिवणीवर उसवली आणि ओंजळभर काळी, पिचलेली मिरची तिच्या मनगटांवर आली. तिने ती हातांनीच परत आत कोंबली. तेवढ्यात घरातून आफशीनचं रडणं ऐकू आलं. अतिका पळत आत आली, नळाखाली हात धुतले, साबण लावून धुतले, आणि पोरीला जवळ घेऊन तिचं शेंबडं नाक बोटांनी पुसलं.

पुढची किंकाळी शेजाऱ्यांनी ऐकली.

"काय केलं तू! हात दाखव!" अख्तरबानो धावली. तिने आफशीनला हिसकावून घेतलं, खोबरेल तेलाची बाटली उपडी केली, पोरीच्या नाकाभोवती, ओठांवर तेल चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. डोळ्यांपर्यंत गेलं नव्हतं, एवढी मेहेरबानी. मग तिने अतिकाचे दोन्ही हात धरून तेलाने माखले. ते आता कोळशावर धरल्यासारखे पेटले होते.

"धुतले होते मी, अम्मी. साबणाने धुतले होते."

"पाण्यानी मिरची जास का कुठे? पाण्याने ती पसरते. हात लावायच्या आधी तेल लावतात. पथारीवरली पाचवी शिकेल पोर बी सांगी." मग जरा थांबून, "बीएस्सी झाली माझी सून."

टोमणा होता, पण त्यात धार नव्हती. अतिकाला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की तिला माहीत होतं. मिरचीतला जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. रसायनशास्त्राच्या पेपरात तिने हे लिहून गुण मिळवले होते. भुसावळहून नंदुरबारला सून म्हणून येऊन चार वर्षं झाली, आणि आपल्या पोरीचं नाक तिने स्वतःच्या हातांनी जाळलं.

आफशीन हुंदके देत राहिली. रडून रडून तिचा श्वास शिट्टी मारायला लागला, तसं अतिकाने वाफेचं यंत्र लावलं. यंत्राच्या घरघरीत अख्तरबानो हळूच म्हणाली, "तुझ्याने नाही होणार ते. एकच बाई शे. बेबीबाई."

अतिकाने वर पाहिलं नाही.

बेबीबाई प्लॉटच्या पलीकडच्या पत्र्यांच्या झोपड्यांत राहायची. सातपुड्यातली, हंगामापुरती खाली येणारी. पथारीवर तिच्या हाताखाली तीस बायकांची टोळी होती आणि तिच्या शब्दाबाहेर त्यातली एक जात नसे. गेल्या आठवड्यात, तिन्हीसांजेला, अतिकाने याच खिडकीतून एक फोटो काढला होता: ढिगाशेजारी ओणवी बाई, तिच्यासमोर आग. खाली लिहिलं होतं, 'कचरा जाळणारे सापडले.' आणि वॉर्डाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून दिला होता. दुसऱ्या दिवशी वॉर्डाची माणसं आली, चूल लाथेने उधळली, झोपडीवरची ताडपत्री ओढून नेली. गटावर चाळीस अंगठे आले. त्याच संध्याकाळी ढीग पुन्हा पेटला, बेबीबाई पथारीवरून परतायच्या आधीच. ते अतिकाने पाहिलं होतं. गटावर लिहिलं मात्र नव्हतं.

"तिला कसं तोंड दाखवू, अम्मी?"

"तोंड कोण बघतं तिथे? सगळ्या बांधलेल्याच असतात," अख्तरबानो म्हणाली. "जा. पोरीजवळ मी शे."

अतिका पथारीपाशी रिक्षातून उतरली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. नजर जाईल तिथवर लाल. सकाळी उन्हं आल्यावर पुन्हा पसरलेली मिरची जमिनीवर सतरंज्यांसारखी अंथरलेली, आणि एका बाजूला ताडपत्रीच्या सावलीत तीस बायका देठ खुडत बसलेल्या. प्रत्येकीने तोंड-डोकं फडक्याने असं बांधलेलं की फक्त डोळे दिसावेत. अतिका पहिल्याच ठसक्याने वाकली. सावरून पाहते तर सगळे डोळे तिच्याकडे.

"बेबीबाई कोण?"

बोटं चालत राहिली, देठं तुटत राहिली. मग मधल्या एकीने मान वर न करता विचारलं, "फोटो काढाले उनी का?"

बायका खिदळल्या. अतिकाचे कान तापले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"खिडकीमा उभी व्हती तू. हातमा मोबाईल. माले दिसनं." बेबीबाईने फडकं हनुवटीखाली ओढलं. पन्नाशीची, उन्हाने करपलेली, शांत. "मन्ही चूल व्हती ती, बाई. कचरा नही व्हता. भाकर व्हती चुलावर."

अतिकाला बोलायचं होतं ते सगळं रिक्षात पाठ करून आणलेलं होतं. त्यातलं काही उरलं नाही. ती म्हणाली, "माझ्या पोरीला दमा आहे. ढिगावर मिरचीच्या चौदा गोण्या टाकल्यात कुणीतरी. संध्याकाळी ढीग पेटला तर..."

बेबीबाईने तिच्या हातांकडे पाहिलं. सुजलेले, लालभडक, तेलकट.

"उचलाले गयथी का तू? बिनतेलना हात?"

"हो."

"येडी."

यावर मात्र कुणी हसलं नाही.

"कोणा शेठना माल शे ते माले इचारू नको," बेबीबाई म्हणाली. "माले इथं काम करनं शे. पन उचलता येई. कोरीट गावना शेतकरी नवल आज मिरची लई उना शे. पाच वाजता ट्रॅक्टर रिकामं जाई. सडेल मिरची, देठं, तो वावरमा खत करस. तो लई जाई. भरून मन्ह्या बाया देतीन."

"खूप उपकार..." अतिका म्हणाली.

"फुकट नही." बेबीबाईने हातातली मिरची खाली ठेवली. "त्या मोबाईलमा जे टाकं व्हतं ना, ते खोटं व्हतं, आसं टाक."

"टाकते. आत्ता लिहिते."

"लिखू नको. माले वाचता नही येत. तू काय लिखशी, माले काय माहीत? बोल. आठेच, सगळ्यासमोर बोल. आमी आयकतस."

अतिकाने मोबाईल काढला. गटावर सव्वाशे माणसं: शहजादचे चुलते, नणंदेचा नवरा, मशिदीच्या कमिटीतले दोघे, वॉर्डाचे साहेब. तिने बोलण्याचं बटण दाबून धरलं. सुजलेला अंगठा पडद्यावर ठणकत होता. तीस बायकांची बोटं थांबली.

"अस्सलामु अलैकुम. नमस्कार. मी अतिका शहजाद." एक ठसका. "गेल्या आठवड्यात मी जो फोटो टाकला, तो कचरा जाळण्याचा नव्हता. ती बेबीबाईंची चूल होती. त्या भाकरी करत होत्या. मी न विचारता टाकला. त्यांची ताडपत्री नेली, ती परत मिळाली पाहिजे. ढीग त्या पेटवत नाहीत. ढीग..." तिने श्वास घेतला. "ढीग आपल्या गल्लीतलेच पेटवतात. आज त्यात मिरची आहे. माझ्या मुलीला दमा आहे. आज कुणी पेटवू नका. हात जोडते."

अंगठा उचलला. आवाज गटावर गेला. बेबीबाई म्हणाली, "परत वाजाड." अतिकाने वाजवून दाखवला, आणि स्वतःचाच खोकला ऐकून तिला लाज वाटली. बेबीबाईने फडकं पुन्हा नाकावर ओढलं.

"जाय घर. पोरकडे देख. पाचले येतस आमी."

पाचला कुणी आलं नाही.

सव्वापाचला नाही. साडेपाचला अतिका मागच्या दारात उभी होती, पाठीमागे आफशीनच्या श्वासाची बारीक शिट्टी आणि अख्तरबानोने फटींत कोंबलेली ओली फडकी. गटावर उत्तरं येत होती. 'भाभीचं बरोबर आहे.' 'आमच्या गल्लीचं नाव कशाला?' नणंदेच्या नवऱ्याने, 'घरातल्या बायकांनी असं जाहीर बोलणं शोभत नाही.' शहजादचा धडगावहून एकदाचा निरोप: 'काय झालं? सगळे मला फोन करतायत.' तिने उत्तर दिलं नाही. सूर्य पत्र्यांच्या मागे उतरत होता. बादल्या येऊ लागल्या होत्या. एकेक माणूस यायचा, बादली उपडी करायचा, तिच्याकडे चोरून बघायचा आणि जायचा.

ट्रॅक्टरचा आवाज पावणेसहाला आला. नवलला मापाच्या रांगेत उशीर झाला होता. ट्रॉलीत पाच बायका आणि बेबीबाई, सगळ्यांचे हात तेलाने चकाकत होते. बोलण्यात वेळ न घालवता त्यांनी गोण्या धरल्या. दोघी खालून, दोघी वरून. एक, दोन, तीन. अतिकाने आधी तेल लावलं आणि मगच ती पुढे झाली. नववी गोणी वर गेली तेव्हा तिला वास आला. मिरचीचा नाही. प्लॅस्टिकचा.

ढिगाच्या दुसऱ्या अंगाला, पाठमोरी, पांढरी टोपी. शौकतचाचा. समोरच्या घरातले, निवृत्त शिंपी, आफशीनला रोज लिमलेटची गोळी देणारे. त्यांच्या पायापाशी एक पिवळी जीभ वर चढत होती.

"चाचा!"

अतिका धावली. ते दचकून वळले. हातात काडेपेटी तशीच.

"काय झालं बेटा?"

"मिरची आहे त्यात! सांगितलं होतं मी गटावर!"

"माझ्याकडे साधा फोन आहे," चाचा भांबावून म्हणाले. "डास होतात म्हणून... रोज कुणीतरी लावतंच. काल तुझ्या शेजारच्या रिनाच्या नवऱ्याने लावली होती. आज मी इथे होतो, म्हणून मी."

अतिकाने बादली उचलली, तेवढ्यात मागून बेबीबाई ओरडली, "पानी नको! माती टाक, माती!" तिने स्वतः पायानेच माती लोटायला सुरुवात केली. चाचांनी चपला काढून चपलांनी माती ओढली. एक गोणी कडेने धुमसलीच. त्यातून जो धूर उठला तो दिसला फारसा नाही, पण सगळ्यांचे घसे एकदम आवळले. बायका वाकल्या, चाचा उकिडवे बसले, नवल ट्रॅक्टरवर तोंड लपवून खोकू लागला. अतिकाचे डोळे वाहत होते आणि त्या पाण्यातून ती फक्त एक गोष्ट बघत होती: खिडकी. बंद होती. फडकं फटीत होतं. धूर कुठे चाललाय? नाल्याकडे. नाही, थोडा इकडेही. नाल्याकडे.

कुणीतरी धुमसती गोणी मातीखाली पुरती गाडली. उरलेल्या चार ट्रॉलीत गेल्या. ट्रॅक्टर धडधडत कोरीटच्या वाटेला लागला, तेव्हा अजान सुरू झाली.

चाचांनी काडेपेटी अतिकासमोर धरली. "घे. ठेव तुझ्याजवळ. सवय आहे बेटा, दुसरं काही नाही." तिने ती घेतली नाही. म्हणाली, "तुमच्याचकडे ठेवा. पण उद्या कुणी लावायला आलं, तर तुम्ही अडवा." चाचांनी मान हलवली. ती होकाराची होती की खोकल्याची, ते तिला कळलं नाही.

बेबीबाई पदराने तोंड पुसत झोपडीकडे निघाली होती. अतिका दोन पावलं तिच्यामागे गेली.

"ताडपत्रीसाठी सोमवारी मी येते ऑफिसात. तुमच्याबरोबर."

"येशी ना?"

"येते."

"देखू," बेबीबाई म्हणाली आणि गेली.

घरात यंत्र पुन्हा चालू होतं. तोंडावर मुखवटा लावलेली आफशीन आजीच्या मांडीवर पडून छताकडे बघत होती. अतिकाने तेलाने दोनदा हात पुसले, मग साबणाने धुतले, मग आपल्याच ओठाला बोट लावून पाहिलं. झोंबत नव्हतं. तेव्हा कुठे तिने पोरीच्या छातीला कान लावला. शिट्टी होती. दुपारपेक्षा जास्त? तेवढीच. तेवढीच असावी. तिने श्वास मोजले, पुन्हा मोजले. खळी आत जात नव्हती.

"कमी होतंय," अख्तरबानो म्हणाली. "तू जरा टेक."

अतिका टेकली. बाहेर बादली उपडी झाल्याचा आवाज आला आणि ती उठलीच. फडकं बाजूला सारून तिने काचेतून पाहिलं. ढिगापाशी शेजारची रिना उभी होती, रिकामी बादली कोपरात अडकवून. तिला खिडकीतली सावली दिसली असावी. तिने दोन्ही हात वर केले, तळवे खिडकीकडे करून दाखवले आणि मोठ्याने म्हणाली, "काही नाही लावत हो, भाभी! बघा, रिकामे हात!"

अतिका हसली. पण रिना आपल्या दारात शिरून कडी लावेपर्यंत ती खिडकीपासून हलली नाही.